निम्मी कळ

भास्कररावांचे दिवस उरकले, आणि कुमुदिनीबाई गुडघ्याचा पट्टा घेऊन दवाखान्यात गेल्या.

"पट्टा बिघडलाय. ते गेल्यापासून गुडघा नुसता ठणकतोय."

डॉक्टरीणबाईंनी पट्टा तपासला. "चांगला आहे, काकू. हा पट्टा कळ कमी करत नाही, वाटून देतो. सात वर्षं तुमची निम्मी कळ काकांच्या गुडघ्यात जायची. तुम्हाला कळू द्यायचं नाही, ही त्यांची अट होती."

खाली बसायचं नाही, असं बजावलेलं असूनही कुमुदिनीबाई घरी येऊन सवयीने देवापुढे मांडी घालून बसल्या. उठताना जीव घेणारी कळ आली, आणि नजर रिकाम्या आरामखुर्चीकडे गेली.

रोज त्या इथून उठल्या की भास्करराव तिथे कण्हायचे. आणि रोज त्या फणकारायच्या, "गुडघा माझा दुखतोय, कण्हता कसले तुम्ही!"