मांडीचं हाड

डॉक्टर अर्शियानं मांडीचं हाड टेबलावर ठेवलं. वर बघायचा तिला धीर होईना. समोर ग्यानोबा टोपी हातात धरून बसला होता. मुखेडहून पहिल्या एसटीनं तो नांदेडला आला होता, लेकीला न्यायला.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी, ग्यानोबाच्या गावचा ओढा आटल्यावर सापडलेली हाडं पोलिसांनी तिच्याकडेच आणली होती. कवटी नव्हती, कंबरेचं हाड कोल्ह्यांनी नेलेलं. बाई की पुरुष हे सांगायला तीच दोन हाडं खरी कामाची. हाती उरलं मांडीचं. तिनं त्याचा वरचा गोळा मोजला. सेहेचाळीस मिलिमीटर. तक्त्याप्रमाणे पुरुष. तिनं 'बहुधा पुरुष' असं लिहिलं, तर जमादार म्हणाला, "म्याडम, बहुधा नका लिहू, साहेब कागद माघारी पाठवतात. एक काय ते लिहा." तिनं 'बहुधा' खोडलं. एवढी शिकलेली बाई, पण ऐन वेळी तिची अक्कल शेण खायला गेली.

हाडं पुरुषाची ठरली, म्हणजे पुराच्या दिवशी नाहीशी झालेली ग्यानोबाची आरती पळूनच गेली असणार. गावाला एवढं पुरलं. पण तिच्या आईनं, सिंधूनं, ठाण्यात जाऊन हट्टानं आपलं रक्त तपासायला दिलं आणि काल डीएनएचा कागद आला. हाडं आरतीचीच होती.

"हाड लई जाड होतं, काका. बाईचं इतकं जाड असेल असं मला वाटलंच नाही." बोलता बोलता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आसंल की जाड. पोरगं न्हाई मला. सोयाबीनचं पोतं एकटीच उचलायची ती, ल्हानपणापासनं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. अर्शियानं घाईघाईनं कागद पुढं ओढला.

"माझा रिपोर्ट चुकला असं मी लिहून देते. गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. माझ्यामुळे तुमच्या मुलीचं नाव खराब झालं."

"तुमच्यामुळं न्हाई." ग्यानोबानं हाडावरून हात फिरवला. "तुमचा कागद लई मागनं आला, म्याडम. आदल्या दिशी तिनं बघाया आलेल्या पाव्हण्यांला न्हाई म्हणलं व्हतं. दुसऱ्या दिशी घरी आली न्हाई, तर म्याच पारावर जाऊन सांगितलं, पळाली म्हणून. वढ्याला पूर व्हता, बघाया गेलो न्हाई. तिची माय रडाया लागली, तिलाबी रडू दिलं न्हाई."

अर्शियानं हातातला पेन खाली ठेवला.

"तुमी नुसतं हाड पाह्यलं व्हतं," ग्यानोबा म्हणाला. "म्या लेक पाह्यली व्हती."