राखणदाराची विडी

"ती नळी द्या इकडे," शमिकाबाई म्हणाल्या. भागोजीने मूठ आणखीच आवळली.

संगमेश्वराच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरवाडीच्या शिवेवर राखणदाराचा दगड आहे. वाडीत जन्मलेलं मूल पहिल्यांदा शीव ओलांडताना त्याच्या पायाशी ठेवायचं आणि त्याला पेटती विडी द्यायची, अशी रीत. आज भागोजीची लेक राही बाळाला घेऊन सासरी लांज्याला निघाली होती. बाळंतपणाला आली तेव्हाच तिने बापाला बजावलं होतं, मी जाईपर्यंत एक झुरका जरी मारलास तर निघताना नातू मांडीवर मिळायचा नाही. भागोजीने विडी सोडली. सगळ्यांवर खेकसला, रिकामी बोटं चावली, पण सोडली. आज नातू मांडीवर येणार म्हणून सकाळपासून आंघोळ करून बसला होता बिचारा.

आता विडी काही नुसत्या काडीने पेटत नाही, ओढावी लागते. ओढली तर नातू गेला, न ओढली तर राखणदार कोपला. वाडीतले बाकीचे बाप्ये आंब्याच्या बागेत कामाला गेलेले. म्हणून मुंबईच्या लेकाने, रितेशने, ही विजेवरची विडी धाडली होती. जाळ नाही, राख नाही. दगडावर ठेवायची, राखणदार आपली आपण ओढेल!

पण बाळाचं वजन करायला आलेल्या शमिकाबाईंनी ती पाहिली. त्या आरोग्य खात्याच्या. यावर सरकारची बंदी आहे, म्हणाल्या. भागोजीने विचारलं, मग विडीवर? विडीवर नाही, ती टपरीवर मिळते, पण ओढायची नाही. म्हणजे मिळते ती ओढायची नाही, आणि ही मिळायचीच नाही? तसंच काहीसं, म्हणाल्या. भागोजीने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा समजावलं आणि मध्येच त्यांचाच गोंधळ उडाला. वरून जे येतं ते मी सांगते हो, म्हणत त्यांनी नळी घेऊन पिशवीत टाकली.

भागोजीने साधी विडी काढली. काडी लावून पाहिली. टोक काळं पडलं आणि विझलं. पुन्हा लावली, पुन्हा विझली. त्याने विडी ओठांपर्यंत नेली, राहीकडे बघितलं आणि खाली घेतली. त्याला रडूच यायला लागलं. सरकार कळत नव्हतं, देव कळत नव्हता, आणि नातू हाताच्या अंतरावर होता.

लांज्याची गाडी चुकणार होती. राही पुढे झाली. बाळ तिने बापाच्या मांडीवर ठेवलं, त्याच्या हातातली विडी घेतली, ओठांत धरली, वाऱ्याला पाठ करून काडी लावली आणि दोन दमदार झुरके मारले. नाकातून धूर सोडला. लालबुंद टोकाची विडी दगडावर ठेवून ती मागे सरली. तिला ठसका म्हणून लागला नाही.

भागोजीला मांडीवरच्या बाळाचाही विसर पडला.

"तू कुठं शिकलीस गं हे?"

"घरातच," राही म्हणाली. "चुलीवर पेटवून आण म्हणून विडी कोण द्यायचं माझ्या हातात, बाबा?"