हुतात्म्याचं म्हातारपण

कामतघरच्या नाक्यावर सकाळी फ्लेक्स लागला: ‘सावळाराम भोईर यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन. वय १०३. शोकाकुल: पत्नी बायजा व परिवार.’

माझं टाळकंच फिरलं. अहो, सावळाराम बेचाळीसच्या मोर्चात गोळी लागून गेला. त्याच नाक्यावर त्याचा पुतळा आहे आणि पुतळा अजून वीस वर्षांचाच आहे! बायजा ही त्याची विधवा. पुढे तिने दुसरं लग्न केलं, त्यातून मी झालो. आता हा हुतात्मा म्हातारा होऊन मेला असेल, तर मी कुठून आलो?

फ्लेक्सवाल्याच्या दुकानात शिरलो तो ओरडतच. “धनेश, लाज वाटत न्हाय? हुतात्म्याला खाटेवर मारलास!”

“काका, माझ्यावर कशाला भडकता? ऑर्डर तुमच्याच घरातून आली. म्हातारी स्वतः रिक्षाने आली होती.”

“माझ्या घरात म्हातारी न्हाय. आय जाऊन चाळीस वर्षं झाली!”

“मग घरी जाऊन बघा ना.”

तरातरा घरी आलो. दाराबाहेर चपलांचा ढीग. ओटीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली, सगळ्यांची नाकं त्या पुतळ्याच्या नाकासारखी. एकालाही मी ओळखत नव्हतो.

“उठा माझ्या घरातून!” मी गरजलो.

आतून आई आली. केस कापसासारखे, कपाळ नुकतंच पुसलेलं. तिने मला खालून वर न्याहाळलं आणि हात जोडले.

“बसा, बाबा. तुम्ही मयताचे कोण?”