दोन दिवसांचा रस्ता

सेलेस्ते टॅक्सीतून उतरून दफनभूमीच्या फाटकाशी धावत आली, तेव्हा झेफेरिनो फावडं खांद्यावर टाकून परत निघाला होता. काळ्या कपड्यांतली गावातली माणसं उताराने घरी चालली होती. तिला बघून सगळी थबकली.

"झालं?" तिने विचारलं.

"तीनलाच झालं." झेफेरिनोने चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुला फोन आज सकाळी गेला ना गं? मग इतक्यात कशी पोचलीस? तुझी आई तर सांगायची, लक्झेंबर्गहून विमानच नाही. दोन दिवस गाडी हाकावी लागते."

मागे कोणीतरी हसलं.

सेलेस्तेने मान खाली घातली. विमान होतं. पहिल्यापासून होतं, इथल्या पोर्तुगालातल्या पोर्तो शहरापर्यंत अडीच तास. पण आईला ते कळलं असतं तर नाताळ आला, ईस्टर आला, गुडघा दुखला, की 'ये' म्हणून मागे लागली असती. म्हणून मारलेली थाप बारा वर्षं बिनबोभाट चालली. दर ऑगस्टात नवऱ्याबरोबर गाडीने यायचं, आणि शिणून आलेल्या लेकीचे पाय आईने कोमट पाण्याने शेकायचे. तेही तिने खुशाल शेकून घेतले होते.

शेजारची देओलिंडामावशी फाटकाशी एकटीच उरली. सेलेस्ते तिच्यावर तुटून पडली. "आई काल पहाटे गेली, आणि मला फोन आज? कालच केला असतास तर तोंड तरी दिसलं असतं!"

"मी आजही करणार नव्हते. राहवलं नाही म्हणून केला. माती दिल्याशिवाय पोरीला कळवायचं नाही, अशी तुझ्या आईने, इदालिनाने, शपथ घातली होती."

"का पण?"

"दोन दिवसांचा रस्ता. पोर रडत गाडी हाकेल, कुठेतरी आदळेल, म्हणाली."

सेलेस्तेला हुंदका फुटला. रडता रडता थोडं बरंही वाटलं. "वेडी गं माझी आई. बिचारीला शेवटपर्यंत खरं कळलंच नाही."

मावशीने शाल डोक्यावर ओढून घेतली.

"कळलं होतं की. ईस्टरला पाववाल्याचा पुतण्या तिकडूनच आला. चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, न्याहारी तिथे केली, जेवायला इथे."

सेलेस्तेचं रडणं थांबलं. "मग? आई काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, अडीच तास लोकांच्या पोरांना लागत असतील. माझ्या पोरीने दोन दिवस सांगितलेत, तर दोनच. मी गेल्यावर तिला गावात खोटं पाडू नका."

मावशी चालू लागली. चार पावलांवर थांबून तिने मागे पाहिलं.

"चल घरी. पाय शेकायला पाणी तापत ठेवते. तेही सांगून गेलीय."