मेघनाचं डाएट

दर सेमिस्टरला वर्गात पहिली येणारी मेघना काडीसारखी बारीक होती. ती नुसती दिसली तरी केतकीचा जळफळाट व्हायचा. दुपारी कँटीनमध्ये मेघना फक्त कटिंग चहा आणि एक खारी घ्यायची. हिच्या मार्कांचं गुपित त्यातच आहे, असं केतकीने पक्कं ठरवलं आणि तिनेही तेच सुरू केलं. आईने भरून दिलेला डबा ती रोज मेघनापुढे सरकवू लागली. मेघना जरा फुगावी, हाही हेतू होताच.

निकाल लागला. केतकी सहा किलोंनी उतरली होती आणि दोन विषयांत नापास होऊन तिला केट्या लागल्या होत्या. मेघना या वेळी अख्ख्या युनिव्हर्सिटीत पहिली आली.

“कसं जमतं गं तुला?” केतकीने धुसफुसत विचारलं.

मेघनाने घासूनपुसून आणलेला डबा तिच्या हातात ठेवला.

“अगं, या वेळी पहिल्यांदाच पोटभर जेवून अभ्यास केला.”