हवेच्या नळीतलं फडकं

“तुमची ॲम्ब्युलन्स आली नाही, म्हणून माझी वहिनी पिकअपमध्ये बाळंत होतेय!” शिवदास फोनवर सरकारी दवाखान्याच्या साहेबावर ओरडला. घाटात पिकअप थरथरली आणि पुन्हा बंद पडली.

डिझेल होतं, बॅटरी ठणठणीत होती. पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन काळा धूर ओकून मान टाकायचं.

“भावजी, गाडीला श्वास मिळंना, माझ्यागत!” मागून वहिनी कळा सोसत किंचाळली.

शिवदासनं उतरून बॉनेट उचललं, इंजिनाची हवेची नळी उघडली. आत फडकं निघालं. सकाळीच दसऱ्यासाठी गाडी धुताना पाणी शिरू नये म्हणून त्यानंच कोंबलेलं. त्याचे कान तापले. फडकं उपसताच इंजिन नीट घुमू लागलं.

फोन चालूच होता. “साहेब, माझ्या गाडीत मीच फडकं कोंबलेलं. तुमच्या ॲम्ब्युलन्समध्ये कुणी काय कोंबलंय? बोला!”