कानाला पोचलेला हात

"बाई, तुम्ही मला दोन वर्षं आधीच म्हातारं केलंत हो!" गिरणीतला कामगार हसला आणि शाळेचा जुना दाखला त्याने आपल्या पहिलीच्या बाईंपुढे धरला. कागदोपत्री निवृत्तीचं वय भरल्याने उद्यापासून त्याला काम नव्हतं, आणि पोरीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. जन्मतारीख बाईंच्याच अक्षरात होती. खेड्यात तेव्हा जन्माची नोंद कुठली? डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला, की पोर सहा वर्षांचं धरायचं. याचा लागेना, हा दारात हमसून रडू लागला, म्हणून बाईंनीच बोटं ओढून कानाला टेकवली होती. "चूक माझी, असं पुन्हा लिहून देते," बाई म्हणाल्या. "दिलंत की गेल्या महिन्यात! साहेब म्हणतात, दोन्ही सह्या एकाच बाईंच्या, आम्ही पहिलीच धरणार." बाईंनी दाखला हातात घेतला. चाळीस वर्षांत अशी किती बोटं ओढली? कामगाराने डोक्यावरून कानाला हात लावला. "बघा बाई, आता पोचतो."